जबलपूरचा भूकंप आणि जमिनीतील गोंगाट : भूकंपमापन केंद्रांच्या गुणवत्तेचा प्रश्न

२२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मध्य प्रदेशातील जबलपूर शहर व त्याच्या आसपासचा प्रदेश भूकंपाने हादरला. ५.८ महत्तेच्या या भूकंपात सुमारे ४० जणांचे प्राण गेले. जबलपूर, मंडला, सिवनी व छिंदवाडा या जिल्ह्यांत हजारो घरांची पडझड झाली आणि कोसमघाटसारख्या गावांना मोठा फटका बसला. जीवितहानीच्या दृष्टीने हा भूकंप त्याआधी साडेतीन वर्षांपूर्वी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाइतका भीषण नव्हता. परंतु भारतातील भूकंपमापनाच्या इतिहासात त्याला वेगळे महत्त्व आहे. द्वीपकल्पीय भारतातील एखादा मोठा धक्का आधुनिक ब्रॉडबँड भूकंपमापकांच्या जाळ्याने सविस्तर नोंदवला, असा हा पहिलाच प्रसंग होता.

या नोंदींमुळे भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खोल असल्याचे स्पष्ट झाले आणि भ्रंशाची हालचाल कोणत्या प्रकारची होती हेही ठरवता आले. अशा नोंदी केवळ महागडी उपकरणे बसवल्याने मिळत नाहीत. उपकरण ज्या जमिनीवर ठेवले जाते ती जमीन किती शांत आहे, यावर नोंदींची गुणवत्ता अवलंबून असते. या शांततेचे मोजमाप करणे म्हणजेच भूकंपीय पार्श्वगोंगाटाचे मूल्यमापन होय. भूकंपशास्त्राइतकाच हा विषय सार्वजनिक खर्चाच्या नियोजनाचाही आहे.

किल्लारीनंतरची गुंतवणूक

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने हजारो बळी घेतले. त्यापूर्वी हा भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये गणला जात होता. १९९२ मध्ये या परिसरातील लोकांना लहान लहान हादरे जाणवले होते. मात्र त्यांचा बारकाईने अभ्यास करण्यास पुरेसे दाट मापनजाळे तेथे नव्हते. लहान हादऱ्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि, जमिनीखाली कोणता भ्रंश जागा आहे याची कल्पना अशा हादऱ्यांच्या नोंदींवरून येऊ शकते.

किल्लारीच्या आपत्तीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने द्वीपकल्पीय भारतातील भूकंपमापन सुविधा सुधारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दहा वेधशाळांमध्ये ब्रॉडबँड उपकरणे बसवण्यात आली. त्यांत भोपाळ, बिलासपूर, भूज, अजमेर, बोकारो, विशाखापट्टणम, चेन्नई व तिरुवनंतपुरम यांच्यासह महाराष्ट्रातील पुणे व कराड या केंद्रांचा समावेश होता. जबलपूरच्या भूकंपाची सविस्तर नोंद याच केंद्रांनी केली. भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने परिसरात तात्पुरती केंद्रे उभारून पश्चात हादऱ्यांचाही अभ्यास केला.

नर्मदा-सोन पट्टा हा द्वीपकल्पातील एक प्रमुख भूगर्भीय पट्टा आहे. १९२७ मधील सोन खोऱ्यातील भूकंप, १९३८ मधील सातपुड्याचा भूकंप आणि १९७० मधील भडोचचा भूकंप हे याच पट्ट्याशी जोडले जातात. म्हणजे येथे धक्के बसतात, परंतु दोन मोठ्या धक्क्यांमध्ये दशके उलटतात. अशा प्रदेशात मोठ्या भूकंपाची वाट पाहून ज्ञान मिळवणे परवडणारे नसते. दैनंदिन लहान हादरे हाच तेथील माहितीचा मुख्य स्रोत असतो.

जमीन कधीच स्तब्ध नसते

आपल्या पायाखालची जमीन स्थिर आहे असे वाटत असले, तरी संवेदनशील उपकरणाच्या दृष्टीने ती अखंड थरथरत असते. या अखंड थरथरीला भूकंपशास्त्रात 'सीस्मिक नॉइज' किंवा भूकंपीय गोंगाट असे म्हणतात. येथे गोंगाट म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. अभ्यासकाला हव्या असलेल्या भूकंपलहरींव्यतिरिक्त उपकरणात नोंदली जाणारी सर्व कंपने त्यात येतात. त्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

(१) मानवनिर्मित गोंगाट : रेल्वे, रस्त्यावरील वाहतूक, कारखाने, पंप, खडी फोडण्याची यंत्रे, खाणीतील सुरुंग इत्यादींमुळे होणारी कंपने या गटात येतात. त्यांची वारंवारता साधारणपणे १ हर्ट्झपेक्षा जास्त, म्हणजे सेकंदाला एकाहून अधिक आंदोलने, अशी असते. दिवसा हा गोंगाट वाढतो, रात्री व सुटीच्या दिवशी घटतो.

(२) समुद्रजन्य सूक्ष्मकंप : सागरी लाटांमुळे निर्माण होणारी ही कंपने खंडाच्या आतील भागापर्यंत शेकडो किलोमीटर प्रवास करतात. त्यांचा एक गट साधारण १० ते १६ सेकंद आवर्तकालाचा, तर दुसरा व अधिक प्रबळ गट त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ५ ते ८ सेकंद आवर्तकालाचा असतो. परस्परांविरुद्ध दिशेने येणाऱ्या लाटांच्या संयोगातून दुसरा गट कसा निर्माण होतो, हे लाँग्वेट-हिगिन्स या ब्रिटिश गणितज्ञाने १९५० मध्ये दाखवून दिले. मान्सूनच्या काळात समुद्र खवळला की भारतीय केंद्रांवर ही कंपने वाढतात.

(३) वारा, तापमान व वायुदाब यांचे परिणाम : वाऱ्याने झाडे, खांब व इमारती हलतात आणि ते कंपन मुळांतून व पायांतून जमिनीत उतरते. तापमान व वायुदाबातील बदलांमुळे उपकरणाखालील चौथरा किंचित कलतो. या कलाचा उपद्रव दीर्घ आवर्तकालाच्या आडव्या नोंदींत विशेष जाणवतो. म्हणूनच उपकरण खडकाला बांधलेल्या चौथऱ्यावर, तळघरासारख्या बंदिस्त कक्षात, उष्णतारोधक आवरणाखाली ठेवतात.

जबलपूर हे दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे किनाऱ्यावरील केंद्रांच्या तुलनेत येथे लाटांचा त्रास कमी असणे स्वाभाविक आहे. येथील खरी अडचण पहिल्या गटाची आहे. जबलपूर हे इटारसी-प्रयागराज मार्गावरील मोठे जंक्शन असून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीसह अनेक संरक्षण कारखाने शहरात आहेत, खमरिया येथे तोफगोळ्यांच्या चाचण्यांचे क्षेत्र आहे, तर भोवतालच्या भागात दगडाच्या खाणी आहेत. शहराचा विस्तारही सुरू आहे. स्थानिक लहान भूकंपांची ऊर्जा साधारणपणे १ ते २० हर्ट्झ या पट्ट्यात असते आणि नेमक्या याच पट्ट्यात माणसांच्या व्यवहारांचा गोंगाट असतो.

मूल्यमापन कसे केले जाते?

नवीन केंद्रासाठी जागा निवडताना प्रथम भूवैज्ञानिक नकाशे पाहून कठीण खडकाचा उघडा भाग शोधतात. मऊ मातीपेक्षा कठीण खडकावर गोंगाट सहसा कमी असतो. त्यानंतर त्या जागी फिरते उपकरण ठेवून काही दिवस सलग नोंद घेतात. या नोंदीत दिवस-रात्र, कामाचे दिवस आणि सुटी या सर्वांचा समावेश असणे आवश्यक असते. केंद्र सुरू झाल्यावर ऋतुमानानुसार होणारे बदलही तपासले जातात.

मिळालेल्या नोंदीचे तासातासाचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यातील कंपनशक्ती कोणत्या वारंवारतेवर किती आहे, हे गणिताने काढतात. यालाच 'पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी' म्हणतात व ती डेसिबल या एककात मांडली जाते. असे हजारो तुकडे एकत्र केले, की त्या जागी गोंगाटाची कोणती पातळी किती वेळा आढळते याचे संभाव्यता-चित्र तयार होते. मॅकनमारा व ब्युलँड या अमेरिकी संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचा एक फायदा असा की, अधूनमधून येणारे भूकंप किंवा यंत्रातील बिघाड नोंदीतून हाताने वगळावे लागत नाहीत. त्यांची वारंवारिता कमी असल्याने ते चित्रात आपोआप कडेला पडतात आणि जागेची नेहमीची स्थिती ठळकपणे दिसते.

हे चित्र दोन प्रमाणरेषांशी ताडून पाहतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील पीटरसन यांनी १९९३ मध्ये जगातील ७५ केंद्रांच्या नोंदींवरून अत्यल्प गोंगाटाची व अत्यधिक गोंगाटाची अशा दोन रेषा निश्चित केल्या. केंद्राचा आलेख खालच्या रेषेजवळ असेल तर जागा उत्तम, वरच्या रेषेला टेकत असेल तर जागा अयोग्य मानली जाते. एखाद्याच वारंवारतेवर टोकदार उंचवटा दिसला, तर जवळ एखादा पंप किंवा जनित्र चालू असल्याचा संशय घेतात. पूर्वी शांत असलेल्या केंद्राचा आलेख वर्षागणिक वर सरकत असेल, तर त्याच्याभोवती वस्ती किंवा वाहतूक वाढत आहे असे समजता येते.

वीस डेसिबलचे अर्थशास्त्र

या मोजमापाचे व्यावहारिक मोल एका साध्या हिशेबावरून समजते. भूकंपाची महत्ता एका अंकाने वाढली की कंपनाचा विस्तार दसपट होतो. विस्तारातील दसपट फरक म्हणजे २० डेसिबल होय. याचा अर्थ, ज्या वारंवारतांवर लहान भूकंप नोंदले जातात तेथे केंद्राचा गोंगाट २० डेसिबलने कमी झाला, तर ते केंद्र तितक्याच अंतरावरील सुमारे एका अंकाने लहान भूकंप ओळखू शकते.

भूकंपांच्या संख्येचा दुसरा नियम गुटेनबर्ग-रिश्टर नियम म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानुसार महत्ता एका अंकाने कमी झाली की भूकंपांची संख्या सर्वसाधारणपणे दसपट होते. समजा, एखाद्या टापूत ३ किंवा अधिक महत्तेचे भूकंप दहा वर्षांत सरासरी २० होतात. तर २ किंवा अधिक महत्तेचे तितकेच भूकंप एका वर्षात होतील. म्हणजे ३ महत्तेपर्यंतच ऐकू येणाऱ्या केंद्राला जी माहिती गोळा करण्यास दहा वर्षे लागतील, ती २ महत्तेपर्यंत ऐकणारे केंद्र एका वर्षात मिळवू शकेल. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शांत जागेवरील खर्च हा वेळेची बचत करणारा खर्च आहे. जेथे मोठे भूकंप क्वचित होतात त्या द्वीपकल्पीय भारतात ही बचत विशेष मोलाची ठरते.

जबलपूरच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. कोयना परिसरातील बहुतेक भूकंप जमिनीखाली १० किलोमीटरच्या आत होतात. त्यामुळे केंद्र अपिकेंद्राजवळ असेल तर लहान हादराही जवळून टिपता येतो. १९९७ च्या भूकंपाची नाभी मात्र सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, कवचाच्या तळाशी होती. इतक्या खोलीवर लहान हादरा झाल्यास केंद्र अगदी अपिकेंद्रावर असले तरी लहरींना किमान ३५ किलोमीटर प्रवास करावा लागतो व त्या क्षीण होऊन पृष्ठभागावर येतात. येथे केंद्रांची संख्या वाढवून अंतराची अडचण एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही. अशा वेळी शांत जागेला पर्याय राहत नाही.

आकडेवारी वाचताना

पार्श्वगोंगाटाची कल्पना नसेल तर भूकंपांच्या आकडेवारीवरून चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. अनेक ठिकाणच्या सूचींमध्ये अतिलहान भूकंप रात्री अधिक आढळतात. पृथ्वी रात्री जास्त हादरते असा याचा अर्थ नाही. रात्री गोंगाट घटल्यामुळे दिवसा झाकले जाणारे हादरे दिसू लागतात. उलट, खाणपट्ट्यात दिवसा ठरावीक वेळी 'भूकंप' वाढलेले दिसले, तर ते बहुधा सुरुंगाचे स्फोट असतात.

केंद्रांचे जाळे वाढले की नोंदलेल्या भूकंपांची संख्याही वाढते. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा भूकंपविषयक विभाग व भूकंप जोखीम मूल्यांकन केंद्र यांना एकत्र आणून २०१४ मध्ये राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची स्थापना झाली. त्या वेळी राष्ट्रीय जाळ्यात सुमारे ८० केंद्रे होती. पुढील दशकात ही संख्या १५० च्या पुढे गेली. त्यामुळे आधीच्या व नंतरच्या वर्षांतील लहान भूकंपांच्या संख्येची थेट तुलना करणे योग्य नाही. प्रत्येक काळात जाळ्याला किती महत्तेपर्यंतचे भूकंप खात्रीने ऐकू येत होते, हे आधी पाहावे लागते.

मानवी व्यवहारांचा वाटा किती मोठा असतो, याचा पुरावा २०२० मध्ये अनपेक्षितपणे मिळाला. कोविड-१९ च्या टाळेबंदीत वाहतूक व उद्योग थांबले. त्या काळातील जगभरातील २६८ केंद्रांच्या नोंदी तपासल्या असता १८५ केंद्रांवर उच्च वारंवारतेचा गोंगाट लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले. हा अभ्यास त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गोंगाटाचा उपयोग : सूक्ष्म-विभाजन

केंद्राच्या दृष्टीने अडथळा ठरणारा हाच गोंगाट शहर नियोजनात मात्र उपयोगी पडतो. २००२ च्या भारतीय मानकानुसार (आयएस १८९३) जबलपूर झोन ३ मध्ये येते. त्याच फेररचनेत किल्लारीचा भागही झोन ३ मध्ये घेण्यात आला. परंतु झोन ही संपूर्ण प्रदेशासाठीची सरासरी असते. एकाच शहरात मदनमहालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, तर इतरत्र नदीगाळाचे थर आहेत. धक्का एकच असला तरी या दोन ठिकाणी इमारतींवर होणारा परिणाम वेगळा असतो. हा फरक मोहल्ल्यांच्या पातळीवर दाखवणारा नकाशा म्हणजे भूकंपीय सूक्ष्म-विभाजन होय. १९९७ नंतर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने जबलपूर येथे असा प्रायोगिक अभ्यास करण्यात आला. देशातील या प्रकारच्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

अशा अभ्यासात जपानी संशोधक नाकामुरा यांनी १९८९ मध्ये पुढे आणलेली पद्धत वापरली जाते. ठिकठिकाणी थोडा वेळ पार्श्वगोंगाट नोंदवून त्याच्या आडव्या व उभ्या घटकांचे गुणोत्तर काढतात. ज्या वारंवारतेवर हे गुणोत्तर सर्वाधिक येते, ती त्या मातीच्या थराची नैसर्गिक वारंवारता मानतात. भूकंपाची वाट न पाहता आणि विंधन विवरे न खोदता, अल्प खर्चात ही माहिती मिळते. उदाहरणार्थ, २० मीटर जाडीच्या थरातून कर्तन लहरींचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर वेगाला जाडीच्या चौपटीने भागून थराची वारंवारता २.५ हर्ट्झ, म्हणजेच आवर्तकाल ०.४ सेकंद येतो. इमारतीचा आवर्तकाल ढोबळमानाने दर मजल्याला ०.१ सेकंद धरला, तर अशा जागी चार मजली इमारत मातीशी एकाच लयीत झुलण्याचा धोका संभवतो. स्थापत्य अभियंत्याला ही माहिती आधीच मिळाली, तर आराखड्यात आवश्यक ती तरतूद करता येते.

शांततेचे संरक्षण

शांत जागेचा ऱ्हास हे नकारात्मक बाह्यतेचे उत्तम उदाहरण आहे. केंद्राजवळ खडीयंत्र सुरू झाले तर त्याचा लाभ मालकाला मिळतो. नोंदींची गुणवत्ता घसरल्याचा तोटा मात्र साऱ्या प्रदेशाला सोसावा लागतो आणि तो कोणाच्याच हिशेबवहीत दिसत नाही. भूकंपाची माहिती ही सार्वजनिक वस्तू असल्याने तिचे रक्षण बाजारपेठेवर सोडता येत नाही. दुसरीकडे, फार दुर्गम जागाही सोयीची नसते. तेथे वीज, रस्ता, संदेशवहन व देखरेख यांचा खर्च वाढतो. म्हणून गोंगाट आणि व्यवस्थापन खर्च यांचा मेळ घालावा लागतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय मोजमापे बिघडतील हे ओळखण्यात आले. त्यामुळे १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जुन्या व नव्या मालिकेचा दुवा तुटू नये. मोजली जाणारी राशी वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. शहराची प्रगती थांबवण्याऐवजी नुकसान होण्यापूर्वीच पर्यायी जागा तयार करण्यात आली.

दुसरा मार्ग खोलवर जाण्याचा आहे. कोयना परिसरात सुमारे एक ते दीड किलोमीटर खोल विवरांमध्ये भूकंपमापक बसवण्यात आले आहेत. पृष्ठभागावरील वारा व वाहतूक यांचा उपद्रव तेथे बराच कमी होतो व लहान हादऱ्यांची स्थाननिश्चिती सुधारते. हा उपाय खर्चिक असल्याने सर्वत्र शक्य नाही. परंतु ज्या शहरांजवळ शांत खडक उरलेला नाही, तेथे कमी खोलीच्या विवराचाही विचार करता येतो.

समारोप

भूकंप रोखता येत नाही व त्याची नेमकी वेळही आधी सांगता येत नाही. घरे कोठे व कशी बांधावीत हे ठरवणे मात्र समाजाच्या हाती आहे आणि त्यासाठी विश्वासार्ह नोंदींची गरज असते. या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक आहेत. नव्या केंद्राची जागा गोंगाटाच्या प्रत्यक्ष मोजमापानंतरच निश्चित व्हावी. चालू केंद्रांच्या पार्श्वगोंगाटाची नियमित तपासणी होऊन तिचे निष्कर्ष नोंदींसोबत उपलब्ध असावेत. आणि शहर विकास आराखड्यांत अशा केंद्रांभोवतीच्या जमिनीच्या वापरावर योग्य मर्यादा असाव्यात. या उपायांचा खर्च उपकरणांच्या किमतीच्या मानाने माफक आहे. त्यांच्याअभावी मात्र उपकरणांवर झालेली मोठी गुंतवणूकही अपुरी ठरू शकते. किल्लारीनंतर केलेल्या गुंतवणुकीचे फळ जबलपूरच्या नोंदींत मिळाले. नर्मदा खोऱ्यातील पुढच्या भूकंपाविषयी देशाला किती कळेल, हे आज तेथील केंद्रांभोवतीची जमीन किती शांत राखली जाते यावर बरेचसे अवलंबून आहे.